स्क्रूखालची चिमणी

खटपट्याने शीळ घातली, आणि ताईच्या हातातली सोल्डरिंगची सळई होती तिथेच थांबली.

शीळ तशी साधीच होती. दोन सुरांची, एखादी गोष्ट मनापासून आवडली की माणसाच्या तोंडून आपसूक निघते तशी. पण ती निघाली होती बायकोच्या खांद्यावरून वाकून, तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नव्या बोर्डाचं चित्र बघताना. ताई त्याची थोरली बहीण. भिंतीकडच्या टेबलाशी पाठमोरी बसली होती. तिने मान वळवली नाही. मनातल्या मनात मात्र तिने मागची सगळी वर्षं उपसून काढली, आणि आपल्या एकाही बोर्डाला भावाने कधी शीळ घातल्याचं तिला काही केल्या आठवेना. ‘छान झालाय’ म्हणाला होता. ‘कमाल आहेस’ म्हणाला होता. एकदा तर चक्क डोळ्यांत पाणी आणलं होतं. पण शीळ? शीळ नाही.

बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. खुशाल वाटू दे. ज्याच्या पोटात दुखतं त्याला ते कुठे दुखतं ते बरोबर ठाऊक असतं, आणि ताईचं त्या शिळेपाशीच दुखत होतं.

बहीणभावांचा धंदा होता छोटे कॉम्प्युटर बनवण्याचा. छोटे म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढे: एक हिरवा बोर्ड, त्यावर मोजके भाग, आणि सगळा उघडा कारभार. घरातला टीव्ही जोडायचा, कुठलातरी जुना कीबोर्ड जोडायचा, आणि पडद्यावर लुकलुकणाऱ्या चौकोनापुढे हवं ते टाइप करायचं. चित्र काढा, खेळ बनवा, कुंडीला पाणी घालणारा पंप चालवा. ज्यांना कॉम्प्युटर वापरण्यापेक्षा त्याच्या पोटात हात घालण्याची हौस जास्त, अशा लोकांसाठी ही वस्तू. किंमत बऱ्यापैकी चपलांच्या जोडाएवढी. कारखाना म्हणजे गाद्या-उशांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून कापसाचे पुंजके उडत वर यायचे आणि गरम सोल्डरला चिकटायचे, त्यामुळे खिडकी उघडायची की घामाने भिजायचं, यावर तिथे रोज भांडण.

पहिला बोर्ड ताईने काढला होता. खटपट्या तेव्हा नुसत्या खटपटीच करायचा. घरात ते नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. बोर्डावर खोचायचं पहिलं जोडकार्डही ताईचंच, आवाजाचं. ते तिने भोकांच्या साध्या पट्टीवर एकेक तार हाताने ओढून केलं होतं. ज्या दुपारी त्यातून पहिल्यांदा सूर निघाले, आई कपडे घड्या करताना गुणगुणायची त्या चालीचे, त्या दुपारी खटपट्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मूळ कार्ड अजून एका काचेच्या डब्यात कापसावर ठेवलेलं होतं. त्याच्यावरून पुढे छापील कार्डं निघाली, गावोगावच्या हौशी मंडळींच्या घरी गेली. पण मूळ ते एकच.

आणि चिमणी. बोर्डाच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने आपली काहीतरी खूण छापायची, ही या धंद्यातल्या माणसांची आवड. ताईने चिमणी काढली होती. गिऱ्हाइकं दुकानात जाऊन कॉम्प्युटरचं नाव सांगायचीच नाहीत, ‘चिमणीवाला द्या’ म्हणायची.

भावजय आली तीसुद्धा गिऱ्हाईक म्हणूनच. चिमणीवाला विकत घेतला, उघडला, आणि जिने चढून वर येऊन म्हणाली, “यातले हे दोन भाग काढून टाकले तरी चालतं की.” चालत होतं. खटपट्या तिच्याकडे बघतच राहिला, आणि त्या बघण्याचं पुढे लग्नात रूपांतर झालं. आता तिने अख्खा नवा बोर्डच काढला होता. दोन चिपांचं काम एका चिपवर, किंमत जवळपास निम्म्यावर. शाळांच्या छंदवर्गांना सामान पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने सगळा माल उचलायचं कबूल केलं होतं. त्याची अट एकच होती: लोकांकडे आहेत ती जुनी जोडकार्डं नव्या बोर्डावर चालली पाहिजेत.

“ताई, कागद लावून द्याल?” भावजयीने विचारलं.

कागद लावणं ही या घरातली शिस्त, आणि ती ताईनेच घातलेली. बोर्ड कारखान्यात छापायला टाकायच्या आधी त्याचं चित्र खऱ्या मापात कागदावर काढायचं, कागद जाड स्पंजावर चिकटवायचा, आणि प्रत्येक भागाचे पाय त्या चित्रातल्या भोकांतून खोचून बघायचे. ज्याने बोर्ड काढला त्याने स्वतः कागद लावायचा नाही. आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत म्हणून.

कागद हातात घेतल्याबरोबर ताईला दिसली ती चिमणी. बनवणाऱ्याच्या खुणेच्या मोठ्या जागेत आता एक उघडी छत्री होती, भावजयीची. चिमणी होती, नाही असं नाही. ‘तपासलं’ अशा बारीक अक्षरांशेजारी, पार कडेला, स्क्रूच्या भोकाला खेटून. स्क्रू पिळला की त्याच्या डोक्याखाली झाकली जाईल अशी.

‘बरं,’ ताई मनात म्हणाली. ‘बरं हं.’

ती एकेक भाग खोचत गेली. सगळं चोख. मनात तिला कुठेतरी चूक सापडायला हवी होती, आणि सापडत नव्हती म्हणून अंगाचा तिळपापड होत होता. मग ती जोडकार्ड ज्यात खोचायचं त्या कनेक्टरपाशी आली. पायांच्या दोन ओळी. पाय सगळे अचूक बसले. कुणीही म्हणालं असतं, झालं, उत्तम. पण ते कार्ड ताईच्या हातचं होतं. त्याचा पहिला पाय कुठे हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कागदावर पहिल्या पायाचा ठिपका बाहेरच्या ओळीत होता. तो आतल्या ओळीत हवा होता.

कनेक्टर आरशात पाहिल्यासारखा उलटा निघाला होता. कार्ड खोचताना काही अडणार नाही. फक्त विजेच्या पायावर भलताच पाय जाईल, आणि चालू केल्याबरोबर कार्ड जळून खाक होईल.

ताईला आनंद झाला. हे उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिला चांगला भरघोस आनंद झाला, आणि लगोलग त्याची लाजही वाटली, पण आनंद जास्त होता. उठावं आणि मोठ्याने सांगावं, असं आधी आलं होतं मनात. मग तिने विचार केला: सांगितलं तर काय होईल? भावजय ‘अय्या, खरंच की’ म्हणेल, दोन मिनिटांत दुरुस्त करेल, आणि बोर्ड बिनचूक होऊन तिच्याच नावावर जाईल. खटपट्या पुन्हा एकदा वाकून बघेल. पुन्हा शीळ.

“झालं का, ताई?”

“पाय सगळे बसतात,” ताई म्हणाली.

शब्द न् शब्द खरा होता. आपण खोटं बोललो नाही, हे ताईने त्या दिवशी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की ऐकणारी दुसरी कुणी असती तर कंटाळून उठून गेली असती.

बोर्ड छापून यायला काही आठवडे लागायचे. त्या काळात ताई इतकी गोड वागली की खटपट्याला तिची काळजी वाटायला लागली. ती भावजयीला स्वतःहून चहा करून द्यायची. खिडकीचा वाद सोडून दिला. भावजय नव्या बोर्डाच्या खोक्यासाठी रंग निवडत बसली की म्हणायची, “निळा छान दिसेल गं तुला.” मधूनच, उशीवर डोकं टेकलं की, तिला व्यापाऱ्याची अट आठवायची. बुडालं तर सगळ्यांचंच बुडेल, एकट्या भावजयीचं नाही, हे ताईला कळत नव्हतं असं नाही. उद्या सांगू, ती ठरवायची. मग उद्या व्हायचा, खटपट्या बायकोच्या टेबलाशी उभा दिसायचा, आणि ताईचे ओठ पुन्हा शिवले जायचे.

खोकी आली तेव्हा भर दुपार होती. बोर्डावरचे बारीक भाग कारखान्यातूनच बसवून यायचे, कनेक्टरसारखे मोठे भाग ही मंडळी हाताने लावायची. तेवढंच स्वस्त पडायचं. भावजयीने एक बोर्ड घेतला, कनेक्टर लावला, टीव्ही जोडला. निळ्या पडद्यावर पांढरा चौकोन लुकलुकला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खटपट्याने तिच्या पाठीत धपाटा घातला. ताई आपल्या टेबलाशी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ‘छापील कार्ड लावतील,’ तिचा हिशेब होता. ‘एक छापील कार्ड जळेल. मग कळेल.’

“थांब,” खटपट्या म्हणाला. “पहिलं कार्ड मी सांगतो ते लावायचं.”

तो कपाटाकडे गेला, आणि काचेचा डबा घेऊन आला.

“पहिल्या बोर्डावर पहिला आवाज ताईच्या कार्डाचाच झाला होता,” तो बायकोला म्हणाला. “या बोर्डावरपण पहिला आवाज ताईचाच.”

त्याने कापसावरून कार्ड उचललं. एकेक तार हाताने ओढलेलं. बोर्ड चालूच होता. त्याने कार्ड कनेक्टरवर धरलं, पाय जुळवले, आणि आता दाबणार तोच—

“लावू नकोस!”

ताई उठली कधी तिलाच कळलं नाही. स्टूल मागे कलंडलं होतं. खटपट्याचा हात अधांतरी राहिला.

“का गं? काय झालं?”

खोलीच्या त्या टोकावरून कनेक्टरचा पहिला पाय दिसणं गरुडालाही जमलं नसतं. म्हणजे तिला ते आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे कागद लावला तेव्हाच. एवढं जुळवायला डोकं लागत नव्हतं. खटपट्याला फक्त जरा वेळ लागायचा. त्याच्या बायकोला लागला नाही. भावजयीने बोर्डाकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, मग ताईकडे.

“कनेक्टर उलटा आलाय,” ती खटपट्याला म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. “माझी चूक. आत्ता लावताना मला शंका आली, म्हणून ताईंना म्हटलं होतं, मी बघेपर्यंत कुणाला कार्ड लावू देऊ नका. तुझ्या घाईत सांगायचं राहिलं.”

“उलटा? म्हणजे सगळेच?”

“सगळेच.”

खटपट्याने कार्ड अलगद डब्यात ठेवलं, खोक्यांच्या थप्पीकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसला. नंतर उठला. “व्यापाऱ्याकडे मुदत मागतो,” म्हणाला, आणि फोन घेऊन जिन्यात गेला. खोलीत फक्त टीव्हीवरचा चौकोन लुकलुकत राहिला.

“कागद लावला तेव्हाच दिसलं ना?” भावजयीने विचारलं.

“हो.”

“आणि बोलला नाहीत.”

“नाही.”

“का?”

ताईकडे बहाणे होते. इतक्या आठवड्यांत चांगले तासून ठेवले होते. त्यातला एकही तोंडात आला नाही. आलं ते खरंच आलं.

“त्याने तुझ्या बोर्डाला शीळ घातली.”

“काय घातली?”

“शीळ. माझ्या एकाही बोर्डाला कधी घातली नाही त्याने. सगळं मी उभं केलं इथे. त्याला सळई धरायला मी शिकवलं. आणि तू येतेस काय, दोन भाग काढून टाकतेस काय, आणि…” ताईचा आवाज चिरकला. “मला तुझा हेवा वाटतो. झालं समाधान?”

आता ही रडेल, नाहीतर हसेल, असं ताईला वाटलं होतं. भावजय भडकली.

“शीळ ऐकलीत, आणि पुढचं नाही ऐकलंत? पुढे म्हणाला, ‘ताईला दाखव.’ नेहमी तेच! मी काहीही करू दे, ‘ताईने बघितलं का?’ नवीन पडदे लावले तरी ‘ताईला आवडले का?’ या कनेक्टरचं जुनं चित्र तुमच्याकडे आहे, हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. जीव गेला असता तरी तुमच्याकडे मागितलं नसतं. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा तुमचं कार्ड डब्यातून काढलं, उपडं केलं, आणि खालून जसं दिसलं तसं काढलं. म्हणून उलटं झालं!”

“माझा डबा उघडलास तू?”

“उघडला.”

“विचारल्याशिवाय?”

“तुम्ही कुठे विचारून गप्प बसलात?”

ताईने कलंडलेलं स्टूल उचलून सरळ केलं, आणि त्यावर बसली.

“मग आत्ता माझ्यासाठी खोटं कशाला बोललीस?”

“तुमच्यासाठी?” भावजयीने डोळे मोठे केले. “त्याला कळलं असतं ना, तर महिनाभर दुसरा विषय नसता. ताई अशी का वागली, ताई दुखावली का, ताईला आपण एकटं पाडलं का. माझ्या बोर्डाकडे ढुंकूनही बघितलं नसतं कुणी. हा बोर्ड माझा आहे, ताई. त्याच्या पहिल्या दिवशी मला तुमचं दुःख नकोय.”

ताई तिच्याकडे बघत राहिली. ही बाई आपल्याला चक्क आवडतेय, हे लक्षात येऊन तिला फार राग आला.

“आणि चिमणी?” तिने विचारलं. “स्क्रूखाली?”

“मुद्दाम.”

“वाटलंच मला.”

जिन्यातून खटपट्याचा अजिजीचा आवाज येत होता. ‘नाही हो, पैसे बुडणार नाहीत तुमचे… जरा ऐका तर…’ दोघींनी तो ऐकला, आणि दोघींच्याही माना खाली गेल्या. भावजयीने बोर्ड बंद केला, उचलला, उलटसुलट केला. ताई जवळ आली. दोन डोकी एका बोर्डावर वाकली.

“खालून बघून काढलंस ना?”

“हो.”

“म्हणजे खालून बघितलं तर…”

“…बरोबर आहे,” भावजय म्हणाली. “कनेक्टर खालून लावायचा!”

हे आधी कुणाला सुचलं यावर पुढे दोघींची मतं कायमची वेगळी पडली, आणि कुणी विचारलंच तर दोघी एकाच वेळी बोलायला लागतात. पण ते नंतर. तेव्हा ताईने बोर्ड घट्ट धरला आणि भावजयीने लावलेला कनेक्टर वितळवून काढला. मग भावजयीने धरला आणि ताईने तो खालच्या बाजूने लावला. पायांच्या ओळी जागच्या जागी आल्या. बाकीच्या खोक्यांमधल्या बोर्डांना तर कनेक्टर लागलेलेच नव्हते. सगळे खालून लावले की संपलं. फक्त आता कार्ड वर उभं राहणार नव्हतं, बोर्डाच्या खाली जाणार होतं. त्यासाठी त्यांनी बोर्ड टेकवायला उंच पाय शोधले, चार कोपऱ्यांना चार स्क्रू पिळले, आणि बोर्ड टेबलावर उभा केला.

“छापील कार्ड आणू?” भावजयीने विचारलं.

ताईने डब्याकडे पाहिलं. “नाही. तेच लाव. तू लाव.”

आता चूक असती तर कार्ड गेलंच असतं, आणि ते दोघींनाही माहीत होतं. भावजयीने एकदा पहिला पाय बघितला. ताईला दाखवला. ताईने स्वतः बघितला आणि मान हलवली. कार्ड खालून खोचलं गेलं. बोर्ड चालू झाला.

खटपट्या जिन्यावरून परत आला तो खांदे पाडून. दारातच थांबला. टेबलावर उंच पायांचा नवा बोर्ड, वरची बाजू साफ मोकळी, आणि त्याच्या पोटाखाली ते जुनं, वेड्यावाकड्या तारांचं कार्ड, लेकराला पोटाशी घेतल्यासारखं. टीव्हीच्या स्पीकरमधून आईची चाल येत होती. तो हळूहळू जवळ आला, वाकला, एकदा वरून बघितलं, एकदा खालून बघितलं.

आणि त्याने शीळ घातली.

दोन्ही बायकांनी एकदम माना वर केल्या.

“कुणासाठी?” भावजयीने विचारलं. ती सरळ विचारणारीच.

“काय कुणासाठी?”

“शीळ.”

“कसली शीळ?” खटपट्या म्हणाला. तो अजून वाकून बोर्डाखाली बघत होता. “मी कुठे शीळ घातली? मला येते तरी का शीळ?”

ताईला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. जे ऐकून तिने अख्खा धंदा बुडवायला काढला होता, ते या माणसाच्या तोंडून निघतं हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. आणि इतक्या वर्षांत आपल्या बोर्डांना त्याने कितीदा घातली असेल, आणि आपण कामात मान घालून बसलेलो असू, कोण जाणे. तिने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. कोपऱ्यातला एक स्क्रू उलटा फिरवून काढला, आणि खाली चोच वर करून बसलेली चिमणी दिसली.

“तीन स्क्रूंवर बोर्ड हलेल,” भावजय म्हणाली.

“हलू दे,” ताई म्हणाली, आणि स्क्रू खिशात टाकला.